जिथं मेंढ्या बसल्या नाहीत

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्या वर्षी मी देवगाव फाट्यावर खत-औषधांचं दुकान टाकलं. नामांतर झालं, त्याच वर्षी शटर कायमचं ओढलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण आमच्या भागात माणसं वर्षं अशीच लक्षात ठेवतात.

या अंकाच्या संपादकांनी फाट्यावरच्या हॉटेलात गाठून विचारलं, "दादाराव, सेंद्रिय शेती आणि रासायनिक शेती यांत फरक काय, ते तुमच्या अनुभवातून लिहा."

मी म्हणालो, "त्या विषयावर बोलणारे आता पुष्कळ झालेत. रस्त्याच्या दोन्ही अंगाला त्यांचेच बोर्ड आहेत."

"बोर्डवाल्यांनी दोन्ही विकलेलं नाही. तुम्ही विकलंय."

हे मात्र खरं. आणि दुसरं एक कारण आहे. सेलूपासून जिंतूरपर्यंत कुणालाही विचारा, माझ्या रानाला अजून 'मुकं रान' म्हणतात. तिथं आज तूर डोक्याएवढी उभी आहे, तरी म्हणतात. हे नाव पडलं कसं ते मला ठाऊक आहे. ते आज कुणाच्या रानाला शोभतं, तेही ठाऊक आहे. ते सांगायचं राहून गेलंय म्हणून लिहितो.

आमच्या घरात मातीचं ढेकूळ मालकीचं नव्हतं. बाप सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या रानात राबणारा गडी. मला राबायची चीड होती आणि जीभ तेज होती, म्हणून मी दलाली धरली. कसली, तर मेंढ्यांची. उन्हाळ्याच्या तोंडाला धनगर कळप घेऊन आमच्याकडं उतरतात. रिकाम्या रानात कळप बसवायचा, लेंडी आणि मूत रानात मुरायचं, बदल्यात शेतकऱ्यानं धनगराला ज्वारी द्यायची. शेतकरी म्हणायचा कळप लहान आहे, धनगर म्हणायचा माप लहान आहे, आणि मधे मी. दोघांनाही मी त्यांचाच माणूस वाटायचो. हा झाला माझा सेंद्रिय धंदा. तेव्हा त्याला हे नाव नव्हतं.

कळपांच्या म्होरक्यांमध्ये बिरूबा नावाचा एक धनगर होता. उंच, वाळका, बोलायला महाग. त्याची एक पद्धत होती. सौदा ठरला तरी तो लगेच कळप आणायचा नाही. दिवस मावळायला आला की रानाच्या मधोमध घोंगडी अंथरायचा आणि डोळे मिटून बसायचा.

"काय करायलास, बिरूबा?"

"रान ऐकायलोय."

मला वाटायचं, हा भाव वाढवायचा डाव आहे. समोरचा गप्प बसला की आपण घाबरून आकडा चढवतो. मी तो डाव उचललासुद्धा. पुढं दुकानात गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की मी डोळे मिटून बसायचो. बहुतेक वेळा चालायचा.

मग युरियाचे दिवस आले. हायब्रीड ज्वारी आली, संकरित कापूस आला. त्या बियाण्याची भूक शेणखतानं भागत नव्हती. मी दलालीतून साठवलेल्यात फाट्यावर एक पत्र्याची खोली घेतली आणि धंदा बदलला. ज्यांना शेतीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. शेणखत, मेंढ्यांची लेंडी, पेंड हे मातीला द्यायचं असतं. माती ते खाते, पचवते आणि सवडीनं पिकाला वाढते. युरिया थेट पिकाच्या तोंडात जातो. मातीला विचारायची गरजच नाही. पिकाला घाई असते, शेतकऱ्याला त्याहून जास्त. म्हणून माझ्या दारात पोत्यांसाठी हाणामाऱ्या झाल्या. आज सभेत मला दोष देणाऱ्यांपैकी दोघांची भांडणं मी स्वतः सोडवली आहेत.

औषधांचंही तसंच. आमच्याकडं कीटकनाशकाला औषधच म्हणतात. गिऱ्हाईक खिशातून कुरतडलेलं पान काढून गल्ल्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "दादाराव, ह्याला काय देता?" जसा काही मी डॉक्टर आणि ते पान त्याचं पोरगं. मी बाटली द्यायचो. दोन दिवसांत रान स्वच्छ. लोक पाया पडायला यायचे. हे मी खोटं सांगत नाही.

धंदा जमला आणि मी रान घेतलं. कुठलंही नाही. माझा बाप ज्या रानात सालदार होता, तेच. जुन्या मालकाचा पोरगा विकायला निघाला होता. त्याच्याशी मी असा सौदा केला की उठताना त्याच्या तोंडाला फेस आला होता. बाप आदल्या वर्षी गेला होता. रानात त्याचा माळा तेवढा उभा होता, बाभळीच्या चार मेढींवर बांधलेला. ज्वारी हुरड्यात आली की त्या माळ्यावर उभा राहून तो गोफण फिरवायचा आणि पाखरं हाकलायचा. त्याचा आवाज फाट्यापर्यंत यायचा. मायला घेऊन मी रानात गेलो, तेव्हा ती त्या मेढीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "दादा, हे मोडू नको."

मी कशाला मोडतोय.

बांधाला लागून आप्पांचं रान. आप्पा लिंगायत, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेला विळ्याची धार. त्यांच्या बायकोचं माहेर लातूरकडचं, त्यामुळं त्यांच्या घरी येळवस मोठी. मार्गशीर्ष अमावास्येला रानात कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, अंबील आणि वाफवलेले उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि रानाच्या कडेकडेनं शिंपडायचा. जे जे त्या रानात राहतं त्या सगळ्यांचं त्या दिवशी जेवण. आप्पांनी माझ्या दुकानात आयुष्यात एक सुतळी तेवढी घेतली.

मी रान घेतलं त्या दिवशी ते बांधावर आले. "दादाराव, शेजारी झालात, चांगलं झालं. एक मागणं हाय. वारं माझ्याकडं असलं की फवारू नका."

"आणि तुमच्याकडच्या अळ्या माझ्याकडं आल्या तर?"

"त्यास्नी सांगून ठेवतो, तिकडं दुकानदार राहतो म्हणून."

पहिली काही वर्षं मीच हसलो. माझा कापूस छातीला, आप्पांचा गुडघ्याला. मी ते रान दुकानाची जाहिरात करून टाकलं होतं. पेरतानाच बुडात किडीची पावडर, वर युरिया, दर आठवड्याला पंप. गिऱ्हाईक कुरकुरलं की त्याला फटफटीवर बसवून रान दाखवायचो. पान फाटलेलं नाही, बोंड किडलेलं नाही, रान कसं रंगवलेल्या भिंतीसारखं. बघणारा तिथंच ऑर्डर द्यायचा.

काहीतरी वेगळं पहिल्यांदा दिसलं ते नांगरटीला. त्या दिवशी आप्पांची आणि माझी नांगरट एकदमच चालली होती. आप्पांच्या नांगरामागं बगळ्यांची रांग लागली होती, उलटलेल्या मातीतले किडे टिपत. त्यांचा नांगर बांधाशी येऊन वळला. तेवढ्यात माझा नांगर बांधाच्या अलीकडून निघाला. दोन-चार बगळे उडून इकडं आले, नांगरानं काढलेल्या ताज्या तासात उतरले, माना खाली घातल्या, वर केल्या. आणि परत गेले. एकही थांबला नाही. माझा नांगर दिवसभर चालला आणि त्याच्या मागं फक्त त्याची सावली होती.

गड्याला ते आवडलं नाही. तो सारखा मागं वळून बघायला लागला. मी त्याला झापलं. मला तर अभिमान वाटला होता. किडाच नाही, तर बगळा येईल कशाला?

त्या अभिमानातूनच मी पैज लावली. दुकानासमोर दहा-बारा जण बसले होते. मी म्हणालो, "माझ्या रानातून एक जिवंत गांडूळ काढून दाखवा, पाठीवरचा पंप बक्षीस." हसत-खिदळत सगळे आले. पावसाळ्याचे दिवस, माती ओली. आप्पांच्या बांधाला फावडं मारलं की गांडुळांचा गुंता निघायचा, ते सगळ्यांना माहीत होतं. एकानं माझ्या रानात खणलं. गुडघ्याएवढं. मग दुसऱ्यानं दुसरीकडं. मग तिघं-चौघं मिळून खणायला लागले. मी बांधावर उभा राहून डिवचत होतो, "अरे खणा, पंप तुमची वाट बघायलाय." खड्ड्यात काळी माती, त्याखाली काळी माती. मुंगी नाही, गोम नाही, हुमणी नाही. गेल्या वर्षीची धसकटं सापडली, ती कालच कापल्यासारखी. एकाच्या हाताला पळसाची जुनी पत्रावळ लागली. त्यावर वाळलेल्या भाताची शितं होती. ती त्यानं खाली ठेवली आणि धोतराला हात पुसले.

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. एक म्हातारा खड्ड्यातून वर येत म्हणाला, "दादाराव, पंप ऱ्हाऊ द्या. हितं खणायला बरं वाटंना."

पैज मी जिंकली. त्या आठवड्यात गिऱ्हाईक मात्र कमी झालं.

त्या साली मायनं आप्पांच्या घरचं बघून येळवस करायचं ठरवलं. माळ्याखाली कोप घातली, पाच दगड मांडले. सहावा दगड तिनं बापाच्या नावानं मांडला. असं करत नाहीत, पण तिला कोण अडवणार. अंबील शिंपडली, उंडे ठेवले, हात जोडले. आप्पांच्याकडं दुपारपर्यंत मुंग्यांची काळी रेघ लागली होती, साळुंक्या भांडत होत्या, खार येऊन गेली. संध्याकाळी तिथं नैवेद्याचा डाग तेवढा उरला.

आमच्याकडं उंडे जसेच्या तसे. आठवड्यानं गेलो, तरी तसेच. उन्हानं तडकले होते, पण कुणी तोंड लावलेलं नव्हतं. मुंगीसुद्धा नाही. माय त्यांच्यासमोर बसून होती. मला म्हणाली, "दादा, मुक्या जिवानं घेतलं न्हाई, दगडानं घेतलं न्हाई, तुझ्या बापानंबी घेतलं न्हाई. आपुन वाढायलो कुणाला?"

"माय, थंडीचे दिवस आहेत. मुंग्या बिळात असतात."

"आप्पाच्या मुंग्यास्नी थंडी वाजत न्हाई का?"

मला राग आला. मग मी ठरवलं, या रानात मेंढ्या बसवायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात बसवल्या, एकदा स्वतःच्या बसवू. लेंडी पडली की किडामुंगी येईल, किडामुंगी आली की मायची समजूत पटेल.

माघात बिरूबा आला. दरवर्षीप्रमाणं त्याचा कळप आप्पांच्या रानात उतरला. मी गाठलं.

"बिरूबा, उद्या माझ्याकडं."

"तुमच्याकडं पोती हायत की, मालक. मेंढ्या कशाला?"

"तू भाव बोल."

दुसऱ्यासाठी मी जो सौदा पाडून करायचो, तो स्वतःसाठी चढवून केला. एवढी ज्वारी कबूल केली की बिरूबाची बायको राखेत भाकरी विसरून माझ्याकडं बघायला लागली. बिरूबा म्हणाला, "बसवू. पण आदी ऐकंन."

"तुझं ऐकणं-बिकणं राहू दे. मला तुझे डाव माहीत आहेत. दिवस मावळायच्या आत मेंढ्या आण."

दुसऱ्या दिवशी त्यानं कळप उठवला. पुढं गळ्यात घंटी बांधलेला बोकड, मागं सगळा कळप, दोन्ही अंगांना कुत्री. फाट्यावरची माणसं बघायला आली होती, आप्पा बांधावर उभे होते, माय माळ्यापाशी. बोकड बांधावर चढला आणि थांबला. त्याच्यामागं पहिली रांग थांबली, तिच्यामागं दुसरी. असा सगळा कळप बांधाला चिकटून उभा राहिला. मेंढ्या अडल्या की ओरडतात, एकमेकींच्या अंगावर चढतात. या ओरडल्या नाहीत. सगळ्यांची तोंडं माझ्या रानाकडं, कान उभे, आणि कुणी रवंथसुद्धा करेना. घंटी वाजेना. बिरूबानं शीळ घातली, काठी आपटली. एक कुत्रं उडी मारून माझ्या रानात गेलं, चार पावलं चाललं, आणि पोट मातीला घासत माघारी आलं.

माझं डोकं फिरलं. पुढची मेंढी कानाला धरून मी फरफटत रानात आणली आणि सोडली. ती पळाली नाही. जिथं सोडली तिथंच उभी राहिली, चारही पाय ताठ, अंगावरची लोकर थरथरत. मान खाली घालून जमीनसुद्धा हुंगेना. जसं काही आपण कशावर उभे आहोत ते तिला कळत नव्हतं.

बिरूबानं येऊन तिला उचललं, खांद्यावर टाकलं, बांधापलीकडं ठेवलं. मग एकटाच परत आला, घोंगडी अंथरली आणि बसला. ऊन उतरलं होतं. सगळे थांबले. मीही थांबलो, एक पाय बांधाच्या अलीकडं, एक पलीकडं. आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

डाव्या कानात आप्पांचं रान वाजत होतं. रातकिडे, कुठं बेडूक, तुरीच्या काड्यांत काहीतरी खसखसणारं, एक टिटवी. उजव्या कानात काहीच नाही. कमी आवाज नव्हे, काहीच नाही. विहिरीत डोकं घातल्यावर असतं तसं. मी मान वळवली, तर ते नाहीपण दुसऱ्या कानात गेलं. बांधाच्या रुंदीत ते दोन्ही एकमेकांना लागून होते आणि मिसळत नव्हते.

बिरूबा उठला. घोंगडी झटकली. एवढंच म्हणाला, "मालक, तुमचं रान मुकं हाय. मेंढरं मेलेल्याजवळ बसत न्हाईत."

मी त्याला नाही नाही ते बोललो. भिकारी म्हणालो, आप्पांचा हस्तक म्हणालो. तो कळप घेऊन गेला. फाट्यावर पोचायच्या आत माझ्या रानाचं बारसं झालं होतं.

त्या संध्याकाळी माय घरी आली, चुलीसमोर बसली आणि म्हणाली, "दादा, आजपास्नं त्या रानाची ज्वारी माझ्या ताटात वाढायची न्हाई. तू रान घेतलंस. रानानं आपल्याला घेतलं न्हाई."

मी ज्या बाईसाठी ते रान घेतलं, ती किराणा दुकानातून विकत आणलेल्या ज्वारीची भाकरी खायला लागली. एका घरात दोन पोती, एकाच कोपऱ्यात. शेजारपाजारच्या बाया बघून जायच्या. दुकानात माणसं भाव कमी करताना म्हणायची, "मुक्या रानाच्या मालकानं एवढं ताणू नये." माझ्यासारख्या माणसाला हे काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही.

आप्पांकडं गेलो. मान खाली घालून नव्हे. सौदा करायला गेल्यासारखाच गेलो.

"आप्पा, रानात काय घालू?"

"काय घालू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच घालू नका. दुकानदाराला जमतंय का बघा."

जमलं. पण कसं जमलं ते ऐका, कारण बोर्डवाले हे सांगत नाहीत. औषध बंद केल्यावर पहिल्या वर्षी अळीनं माझं रान धुऊन नेलं. बोंडाला बोंड उरलं नाही. किडे खाणारे किडे, पाखरं, कोळी, सगळे मी आधीच घालवले होते. पिकाचे वैरी तेवढे परत आले; राखणदार लवकर येत नाहीत. खत-औषधाचा दुकानदार आणि त्याच्याच रानात खराटे उभे. गिऱ्हाईक विचारायचं, तर मी सांगायचो, फवारायला गडी मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी थोडं बरं. शेणखताच्या गाड्या मी अंधार पडता पडता आणवायचो, कुणी बघू नये म्हणून. पण माणसं बघायचीच.

दुकानात मात्र औषधं पूर्वीसारखीच विकत होतो. त्यात मला विसंगती वाटली नाही, आजही वाटत नाही. मागणाऱ्याला द्यायचं हा धंदा. पण औषधांची धार गेली होती. एकदा एकजण काडीपेटीतून बोंडअळी घेऊन आला. म्हणाला, "दादाराव, हिला मारून दाखवा, मग बाटली घेतो." मी दुकानातलं सगळ्यात जहाल औषध घेतलं आणि पाणी न मिसळता तिच्यावर थेंब सोडला. ती आखडली, तिचा गोल झाला. आम्ही बघत राहिलो. मग ती हळूहळू उलगडली, ओलं डोकं वर केलं आणि काडीपेटीचा कागद कुरतडायला लागली. गिऱ्हाईक काडीपेटी तिथंच टाकून गेलं. जे मरायला नको होतं ते सगळं मेलं होतं, आणि हे उरलं होतं.

मग एका पावसाळ्यात बापाचा माळा पडला. गडी घाबरत सांगायला आला, "मालक, माळा गेला." मी धावत गेलो. मेढीच्या बुडाला हात घातला, तर लाकडाचा भुगा हातात आला आणि त्यातून पांढरी वळवळ निघाली. उधई, म्हणजे वाळवी. आप्पांच्या माळ्याला दर दोन वर्षांनी उधई लागायची आणि माझ्या बापाचा माळा इतकी वर्षं नव्यासारखा उभा होता. आता तो खाल्ला गेला होता. मी फाट्यावर जाऊन पेढे घेतले आणि हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही. माय ऐकून रडली, मग म्हणाली, "लय उभा होता. बसू दे आता त्याला."

पण भाकरी मात्र विकतच्याच ज्वारीची. ती येळवशीची वाट बघत होती.

त्याच सुमाराला आप्पा गेले. त्यांचा मुलगा बसवराज शेती बघायला लागला. घाईचा पोरगा. पहिल्याच हंगामात माझ्या दुकानात येऊन त्यानं मोठी यादी बोलून दाखवली. बुडातली पावडर, दोन प्रकारची औषधं, युरिया.

मी म्हणालो, "बसू, तुझ्या बापानं हितं एक सुतळी घेतली फक्त."

"म्हणून आमचा कापूस गुडघ्याला राहिला. काका, औषध घेऊ नको म्हणणारा दुकानदार पयल्यांदाच बघायलोय. का कुणाला जास्त भावानं द्यायचंय?"

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर मी आणखी काही बोललो असतो. मी माल काढून दिला. एक पैसा सोडला नाही. जाताना एवढं सांगितलं, "वारं माझ्याकडं असलं की फवारू नको."

त्या वर्षी आप्पांच्या रानातला कापूस पहिल्यांदा छातीला लागला. बघायला माणसं यायची.

मार्गशीर्ष अमावास्येला माय म्हणाली, "आपल्या रानाची ज्वारी दळून आण." मी काही न बोलता दळून आणली. तिनं त्याच पिठाचे उंडे केले. कोप घातली, सहा दगड मांडले, उंडे ठेवले आणि पदर डोक्यावर घेऊन बसली. मी बांधावर. बराच वेळ काही नाही. मग मायनं हात वर केला, बोलू नको म्हणून. बापाच्या दगडामागून एक मुंगी आली. उंड्याभोवती फिरली, गेली. मग तिच्यामागं दुसऱ्या आल्या. ऊन कलायच्या आत काळी रेघ लागली होती. मायनं एक उंडा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात घातला. इतक्या वर्षांनी त्या रानाचा घास तिनं खाल्ला. चावताना ती आप्पांच्या रानाकडं बघत होती.

"दादा, तिकडं येळवस न्हाई का?"

"बसूला ते पटत नाही."

"आप्पानं आपल्याकडचं हसणं सोसलं. त्याच्या रानात आज कुणीतरी उपाशी असंल." तिनं एक उंडा उचलला आणि बांधापलीकडं टाकला. तो मऊ मातीत पडला आणि थोडा रुतला.

दुकान त्यानंतर मी बंद केलं. लोक म्हणतात दादारावला पश्चात्ताप झाला. झाला नाही. कंपन्यांचे नवे वितरक आले, उधारी वाढली, आणि काडीपेटीतली ती अळी मी विसरू शकत नव्हतो, एवढंच. आज त्याच बसवराजचा फाट्यावर बोर्ड आहे: 'तीन पिढ्यांची सेंद्रिय शेती'. तो सभांमधून बोलतो, हार घेतो. तिसरी पिढी कोण ते त्यालाच ठाऊक. मी मात्र मुक्या रानाचा मालक.

त्या अमावास्येनंतरच्या माघात बिरूबा आला. थकला होता, कळप आता त्याची पोरं हाकत होती. सवयीप्रमाणं तो आप्पांच्या रानात गेला, कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या जागेत घोंगडी अंथरली, बसला. मी माझ्या बांधावर, माय माझ्यामागं. तो फार वेळ बसला नाही. उठला, घोंगडी गोळा केली, बांध ओलांडून इकडं आला. मला रामराम घातला नाही, विचारलं नाही. माळ्याच्या पडलेल्या मेढींपाशी बसला आणि डोळे मिटले. त्याच्याभोवती रातकिड्यांनी सूर धरला होता.

"काय म्हणतंय रे?" मायनं विचारलं.

"बोलायलंय," तो म्हणाला. "माय, लय भूक लागल्यावानी बोलायलंय."

बोकड बांधावर चढला, घंटी वाजवत माझ्या रानात उतरला, आणि त्याच्यामागं सगळा कळप. भाव मी बोललो नाही, त्यानंही विचारला नाही. मेंढ्या गुडघे मोडून बसल्या, त्यांचा रवंथ सुरू झाला. मी तो आवाज कितीतरी रानांत ऐकलाय, पण तेवढा वेळ उभं राहून कधी ऐकला नव्हता.

मग मी बांधापलीकडं बघितलं. तिकडं काहीच वाजत नव्हतं. ढेकळांच्या मधे काहीतरी फिकट दिसलं म्हणून दोन पावलं आत गेलो. मायनं अमावास्येला टाकलेला उंडा होता. उन्हानं तडकला होता. तिच्या बोटांचे ठसे त्यावर तसेच होते.